लेखनिक न आलेल्या एका पेपरचे प्रकरण: पुण्यातील एका संस्थेच्या स्वयंसेवक-व्यवस्थेचा अभ्यास

या प्रकरणातील संस्था, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटू शकेल असे काही तपशील बदलले आहेत. घडलेल्या गोष्टींचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र होती तशीच ठेवली आहेत. मी त्या काळात संस्थेच्या कार्यकारिणीवर होतो. त्यामुळे पुढे ज्या चुकांविषयी लिहिले आहे त्यांपैकी काहींत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

दृष्टिहीन मुलामुलींच्या शिक्षणाचे शहर म्हणून पुण्याची जुनी ओळख आहे. कोरेगाव पार्क येथे मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे. शाळा संपली की यांतील बरीच मुले पुण्यातच कनिष्ठ महाविद्यालयात जातात, आणि शिवाय मराठवाडा, सोलापूर, खानदेश अशा भागांतून पदवीसाठी दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. अभ्यासासाठी त्यांना ब्रेल, ध्वनिमुद्रित पुस्तके आणि आता मोबाइलवरील वाचक-सॉफ्टवेअर यांचा आधार असतो. लेखी परीक्षेच्या दिवशी मात्र बहुतेकांना शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवणारा आणि सांगितलेले उत्तर उतरवून घेणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे लेखनिक.

आमची संस्था हे लेखनिक मिळवून देण्याचे काम करते. सदाशिव पेठेत दोन खोल्यांचे कार्यालय, मानधनावर काम करणाऱ्या एक समन्वयक ताई, आणि बाकी सगळे स्वयंसेवक, असा तिचा पसारा आहे. ज्या सत्राविषयी मी लिहितो आहे त्या सत्रात ४६ विद्यार्थ्यांनी संस्थेकडे लेखनिक मागितले होते आणि त्यांचे मिळून सुमारे २३० पेपर होते.

कोणीही साक्षर माणूस हे काम करू शकेल असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. नियम तसे नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ आणि लेखनिक या सोयींचा उल्लेख आहे. त्यापुढचा तपशील केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत होता आणि आमचे त्या वेळचे काम त्यांवरच चालत असे. दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळावा, आणि परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणल्यास लेखनिकाची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी, असे त्यांत म्हटले होते. लेखनिकाची पात्रता सांगितल्याप्रमाणे नाही असे नंतर आढळल्यास परीक्षार्थी त्या परीक्षेतून मिळणारा हक्क गमावतो, असे हमीपत्र त्याच्याकडून लिहून घेतले जाई. चूक लेखनिकाची किंवा संस्थेची असली तरी नुकसान विद्यार्थ्याचे होते. आमच्या कामाची सगळी जोखीम या एका गोष्टीत आहे.

‘एक पायरी खाली’ या शब्दांमुळे स्वयंसेवक मिळवण्याचे गणित उलटे होत असे. पुण्यात मदत करायला सर्वांत उत्सुक असलेली माणसे म्हणजे निवृत्त शिक्षक, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले काका, हिंजवडीत नोकरी करणारे अभियंते आणि घरी थोडा वेळ मोकळा असलेल्या पदवीधर गृहिणी. पदवीच्या परीक्षेसाठी यांपैकी कोणीही लेखनिक म्हणून चालत नसे. चालत ती अकरावी-बारावीची आणि प्रथम वर्षाची मुले, आणि त्यांच्या स्वतःच्या परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यांत असतात. या नियमाचा अर्थ सर्व महाविद्यालये सारखा लावत नसत, ही आणखी एक अडचण. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला कोठे प्रथम वर्षाचा लेखनिक चाले, तर कोठे बारावीच्या पुढे गेलेला कोणीच चालत नसे.

समस्या

संस्थेच्या यादीत ३४० नावे होती. वार्षिक अहवालात आम्ही हा आकडा अभिमानाने छापत असू आणि देणगीदारांना सांगत असू. यादीतील बहुतेक नावे करोनाच्या साथीपूर्वी नोंदलेली होती. साथीच्या काळात विद्यापीठाच्या परीक्षा ऑनलाइन आणि बहुपर्यायी झाल्या आणि लेखनिकांची मागणी जवळजवळ थांबली. लेखी परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही तीच यादी बाहेर काढली. लेखनिक दरवर्षी एक इयत्ता पुढे जातो आणि त्याबरोबर आपली पात्रता मागे टाकत जातो, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी बारावीत किंवा प्रथम वर्षात असलेली मुले एव्हाना पदवीच्या शेवटच्या वर्षात होती किंवा नोकरीला लागली होती.

वाटपाची पद्धत साधी होती. ताई व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तारीख, वेळ, विषय आणि महाविद्यालय लिहीत, कोणीतरी अंगठ्याचे चिन्ह टाकी आणि नाव वहीत चढे. त्यानंतर परीक्षेच्या सकाळपर्यंत कोणी कोणाशी बोलत नसे.

त्या सत्रात तृतीय वर्ष कला शाखेच्या एका विद्यार्थिनीचा राज्यशास्त्राचा पेपर सकाळी १० वाजता होता. ती वसतिगृहातून रिक्षाने साडेनऊलाच केंद्रावर पोहोचली. लेखनिक आला नव्हता. पावणेदहाला तिने ताईंना फोन केला. ताईंनी मुलाला फोन केला तर तो बंद. पुढच्या अर्ध्या तासात ताईंनी एकामागून एक १९ जणांना फोन केले. अखेर कर्वे रस्त्यावर राहणारा एक अभियंता हातातले काम टाकून निघाला आणि १० वाजून २० मिनिटांनी केंद्रावर पोहोचला. वरिष्ठ पर्यवेक्षकांनी त्याची पात्रता विचारली. तो अभियांत्रिकीचा पदवीधर निघाला, आणि शिवाय महाविद्यालयाकडे आधी दिलेल्या पत्रात नाव दुसऱ्याचे होते. पर्यवेक्षकांनी त्याला बसू दिले नाही, आणि नियमाप्रमाणे त्यांना दुसरे काही करताही येत नव्हते. ती मुलगी साडेअकरापर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. तिचा तो पेपर गेला.

त्याच आठवड्यात दुसरी तक्रार आली. ती इतकी हळू आवाजात आली की आम्ही जवळजवळ दुर्लक्षच केले असते. वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने ताईंना सांगितले, “माझा पेपर चांगला गेला असं सगळे म्हणतायत. पण तो पेपर माझा नव्हता, ताई.” त्याच्या लेखनिकाने त्याची वाक्ये सुधारून लिहिली होती, एका उत्तरात स्वतःचे दोन मुद्दे घातले होते, आणि एका बहुपर्यायी प्रश्नात बरोबर पर्यायावर जरा जोर देऊन तो वाचला होता. विद्यार्थ्याने थांबवले, तेव्हा लेखनिक म्हणाला की प्रशिक्षणात सरांनीच थोडी मदत करायला सांगितले आहे.

हे सर म्हणजे संस्थेचे सर्वांत जुने स्वयंसेवक, निवृत्त शिक्षक, वयाने ७० च्या पुढचे. नव्या स्वयंसेवकांसमोर दर सत्राच्या आरंभी तासभर तेच बोलत असत. आमचे प्रशिक्षण म्हणजे ते भाषण, इतकेच होते.

कारणांचा शोध

पहिल्या बैठकीत चर्चा न आलेल्या मुलावर घसरली. आजकालची मुले जबाबदारी घेत नाहीत, असे दोन-तीन जण म्हणाले. ताईंनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी गेल्या. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो कार्यकारिणीने घेतलेला नव्हता.

मुलाने सांगितलेली हकीगत अशी. त्याच्या महाविद्यालयाने प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख बदलून नेमकी त्या दिवशी ठेवली होती. हे त्याला दोन दिवस आधी कळले होते. त्याने ताईंना लिहायला घेतलेला संदेश तीनदा पुसला. “तुम्ही इतक्या वेळा थँक यू म्हणाला होतात. तुम्हाला नाही कसं म्हणायचं ते कळेना. कोणीतरी जाईलच असं वाटलं, आणि सकाळी फोन बंद ठेवला.”

हे ऐकल्यावर आम्ही गटावरचे मागील दोन सत्रांतले संदेश काढून वाचले. ‘नाही’ हा शब्द जवळपास कोठेच नव्हता. ‘बघतो’, ‘जमवतो’, ‘कळवतो ताई’, ‘प्रयत्न करते’ असे शब्द होते, नाहीतर अंगठा होता. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला ‘बघतो’चा अर्थ कळतो. लग्नाच्या आमंत्रणाला तो चालतो, कारण पंगतीत एक पान कमी झाल्याने काही बिघडत नाही. आम्ही मात्र त्या शब्दाच्या भरवशावर एका मुलीचा पेपर ठेवला होता. स्वयंसेवकाला होकार देण्यासाठी आम्ही सगळी सोय केली होती आणि नकार देण्यासाठी काहीच केलेली नव्हती.

त्यानंतर यादीतील ३४० जणांना फोन केले गेले. चार जणांनी मिळून हे काम नऊ दिवसांत संपवले. ११२ जणांचे क्रमांक बदलले होते किंवा त्यांनी पुणे सोडले होते. १३१ जण आता पदवीधर होते किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात होते. उरलेल्या ९७ पैकी ३८ जणांच्या स्वतःच्या परीक्षा त्याच काळात होत्या. म्हणजे २३० पेपरांसाठी आमच्याकडे प्रत्यक्षात ५९ माणसे होती. हा आकडा कार्यकारिणीसमोर वाचला गेला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत आधी पुढे आला तो पर्याय मानधनाचा. आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, पेपरमागे २०० रुपये द्या, माणूस वेळेवर हजर होईल. हिशेब केला तर सत्राला ४६,००० आणि वर्षाला ९२,००० रुपये लागले असते. संस्थेच्या त्या वेळच्या देणग्यांत ते बसत नव्हते. पैशांपेक्षा मोठी चर्चा मात्र वेगळ्याच मुद्द्यावर झाली. आम्ही त्या बैठकीला प्रथमच तीन दृष्टिहीन विद्यार्थ्यांना बोलावले होते. लेखनिकाला पैसे दिले तर नाते बिघडेल, असे आमच्यापैकी बहुतेकांनी गृहीत धरले होते. त्यांच्यातील एक मुलगा म्हणाला की त्याला पैसे दिलेलेच आवडतील. कारण विचारल्यावर त्याने सांगितले, “दादा फुकट येतो. तो उशिरा आला, अक्षर वाईट काढलं, मध्येच फोन बघितला, तरी मी काय बोलणार? उपकार करणाऱ्याची तक्रार करता येत नाही. पैसे दिले तर करता येईल.”

सेवाभावी कामात बरीच वर्षे घालवलेल्या माणसांना हे ऐकणे जड गेले, आणि ते ऐकणे आवश्यकही होते. मानधनाचा पर्याय आम्ही शेवटी स्वीकारला नाही. परंतु त्या मुलाचा मुद्दा स्वीकारला. प्रवासखर्च त्याच दिवशी द्यायचा आणि प्रत्येक पेपरनंतर विद्यार्थ्याशी लेखनिकाच्या गैरहजेरीत फोनवर बोलायचे, असे ठरले. ‘कसा गेला पेपर’ एवढेच न विचारता ठरलेले पाच प्रश्न विचारायचे: लेखनिक किती वाजता आला, प्रश्न पूर्ण वाचले का, सांगितले तसेच लिहिले का, लिहिलेले परत वाचून दाखवले का, आणि हाच लेखनिक पुन्हा चालेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नको’ असेल, तर कारण न विचारता लेखनिक बदलायचा.

दुसरा पर्याय होता जबाबदारी परीक्षा घेणाऱ्यांकडे सोपवण्याचा. २०१८ च्या सूचनांनुसार परीक्षा घेणाऱ्या संस्थांना जिल्हा, विभाग किंवा राज्य पातळीवर लेखनिकांचे पॅनेल करता येत होते. मग ते काम आपण का करतो, असा प्रश्न एका सदस्याने विचारला. प्रश्न रास्त होता. पण पॅनेल होईपर्यंत समोरच्या ४६ जणांचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. पत्रव्यवहार करायचा आणि सेवाही चालू ठेवायची, असे ठरले. माझ्या मते इथे आम्ही सोपा मार्ग निवडला. सेवा चालू राहिली की पत्रव्यवहार मागे पडतो, आणि झालेही तसेच.

तिसरा पर्याय कोणालाच आवडला नाही: घेतलेल्या कामाचा आवाका कमी करणे. ५९ माणसांत २३० पेपर बसवायचे तर प्रत्येकाला चार पेपर येतात, आणि राखीव कोणीच उरत नाही. मदत मागायला आलेल्या विद्यार्थ्याला नाही म्हणणे कोणालाही कठीण जाते. पण ज्या संस्थेला विद्यार्थ्याला वेळेवर नाही म्हणता येत नाही, ती परीक्षेच्या सकाळी त्याला व्हरांड्यात बसवते. मतदान घेऊन, एका मताच्या फरकाने, पुढच्या सत्रात ३८ विद्यार्थीच घ्यायचे असे ठरले. उरलेल्या आठ जणांना हे परीक्षेच्या तीन महिने आधी सांगण्यात आले आणि महाविद्यालयाकडे अर्ज करण्यासाठी मदत देण्यात आली.

केलेली कृती

भरतीचा काळ बदलला. पूर्वी आम्ही परीक्षा तोंडावर आल्यावर, दिवाळीच्या आसपास, आवाहन करत असू. आता जुलैमध्ये, वर्ग नुकतेच भरू लागतात तेव्हा, महाविद्यालयांत जाऊ लागलो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटलो. या योजनेतील विद्यार्थ्याला वर्षाला १२० तासांचे काम करायचे असते. लेखनिकाचे प्रशिक्षण आणि पेपर त्या तासांत धरले जावेत अशी विनंती केली आणि काही ठिकाणी ती मान्य झाली. तासांसाठी येणारी मुले मनापासून काम करणार नाहीत, अशी शंका आमच्यात होती. अनुभव उलटा आला. तासांची नोंद ठेवावी लागते म्हणून ती वेळेवर येत, आणि दोन पेपर लिहिल्यानंतर त्यांतील काही जण तासांचा हिशेब न करता येऊ लागले.

भरतीच्या वेळी काय सांगायचे, हेही लिहून काढले. तीन तासांचा पेपर जादा वेळेमुळे चार तासांचा होतो, हे आम्ही पूर्वी स्पष्ट सांगतच नव्हतो. दुपारी २ चा पेपर ६ वाजता संपतो. एका मुलीने मागील सत्रात पाचच्या क्लाससाठी घाई केल्याची तक्रार होती. तिची बाजू विचारली तेव्हा कळले की तिला ५ वाजेपर्यंतच सांगितले होते. अकरावी-बारावीचे बहुतेक लेखनिक १८ वर्षांखालील असतात. म्हणून पालकांची लेखी संमती घेणे, संध्याकाळच्या पेपरनंतर मुले घरी पोहोचल्याची खात्री करणे आणि शक्यतो घराजवळचेच केंद्र देणे या तीन गोष्टी सक्तीच्या केल्या.

होकार-नकाराची पद्धत बदलली. पेपरच्या आठ दिवस आधी लेखनिकाला फोन जातो आणि दोन दिवस आधी रात्री ८ पर्यंत लेखी उत्तर मागितले जाते. उत्तरे दोनच: ‘येणार’ किंवा ‘येऊ शकत नाही’. ‘बघतो’, ‘जमवतो’ आणि अंगठा यांची नोंद ‘येऊ शकत नाही’ अशी होते. वेळेत नकार देणाऱ्याला त्याच दिवशी ताईंचा संदेश जातो की वेळेवर कळवलेत म्हणून दुसरी व्यवस्था करता आली. हा संदेश काहींना औपचारिक वाटला. पण पहिल्या सत्रात वेळेत आलेले ३१ नकार त्याने शक्य केले, असे मला वाटते. पूर्वी यांतले बरेचसे नकार परीक्षेच्या सकाळी बंद फोनच्या रूपाने आले असते.

राखीव लेखनिकांची सोय प्रथमच केली. सकाळच्या पेपरांच्या दिवशी दोन पात्र स्वयंसेवक ९ ते साडेदहा सदाशिव पेठेतल्या कार्यालयात बसून राहत. तेथून पेठांतील आणि डेक्कनच्या महाविद्यालयांत लवकर पोहोचता येते. हडपसरला ते शक्य नसल्याने तिकडे वेगळा राखीव ठेवला. मार्गदर्शक सूचनांत तातडीच्या प्रसंगी लेखनिक बदलण्याबाबत लवचिकता ठेवावी असे म्हटले होते. ते आम्ही यापूर्वी नीट वाचलेलेच नव्हते. त्या पानाची प्रत, राखीव लेखनिकाचे महाविद्यालयीन ओळखपत्र आणि संस्थेचे पत्र एका पाकिटात तयार ठेवले. राखीव म्हणून येऊन नुसते बसून परत जाणाऱ्याचा उत्साह टिकत नाही, हे आठवड्याभरात दिसले. तेव्हापासून त्या दीड तासात त्यांना जुन्या प्रश्नपत्रिका वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम दिले जाते.

पात्रतेत न बसणाऱ्या पदवीधरांसाठी कामांची नवी वाटणी केली. चौघांनी शिवाजीनगर, पेठा, कोथरूड आणि हडपसर असे भाग वाटून घेतले आणि तिथल्या लेखनिकांशी व महाविद्यालयांशी बोलण्याची जबाबदारी उचलली. ताईंच्या एकट्याच्या फोनवर अवलंबून असलेली व्यवस्था त्यामुळे पाच फोनवर आली. इतरांना सराव-पेपर लिहून घेण्याचे आणि पुस्तके ध्वनिमुद्रित करण्याचे काम दिले. शेजारी बसून पेपर लिहिणे हीच खरी मदत, असे अनेकांच्या मनात असते. बाकीचे काम त्यांना दुय्यम वाटते. काही जण त्यामुळे सोडूनही गेले.

सर्वांत मोठा बदल प्रशिक्षणात झाला. भाषण बंद करून दोन-दोन तासांची तीन सत्रे ठेवली आणि ती घेण्याचे काम दृष्टिहीन विद्यार्थ्यांनाच दिले. पेपर गेलेली ती विद्यार्थिनी त्यांत होती. तिने पहिल्या सत्रात प्रश्न कसा वाचायचा ते शिकवले: गुण किती, ‘कोणतेही दोन’ की ‘सर्व’, विरामचिन्हे कोठे, आणि चारही पर्याय एकाच सुरात. दुसऱ्या सत्रात उतरवून घेण्याचा सराव होता. विद्यार्थी चुकीचे सांगत असेल तरी तेच लिहायचे, शब्द कळला नाही तर पुन्हा विचारायचा पण पर्यायी शब्द सुचवायचा नाही, परिच्छेद संपला की वाचून दाखवायचा, दर अर्ध्या तासाने वेळ सांगायची. गणिताचा एक विद्यार्थी केवळ एक वाक्य सांगत असे: “अ अधिक ब भागिले क.” खोलीतले निम्मे जण संपूर्ण बेरजेखाली रेघ ओढत, निम्मे फक्त ब खाली. मग लेखनिक आणि परीक्षार्थी यांनी पेपरच्या आधी एकदा भेटून कंस, छेद आणि वर्ग यांसाठी बोलण्याची पद्धत ठरवून घेणे का गरजेचे आहे, हे वेगळे सांगावे लागत नसे. ती भेट आता किमान दोन दिवस आधी, निदान फोनवर तरी, घडवून आणली जाते.

परिणाम

पुढील सत्रात ३८ विद्यार्थ्यांचे १९१ पेपर झाले. नऊ वेळा राखीव लेखनिक पाठवावा लागला. त्यांतील आठ वेळा पेपर वेळेवर सुरू झाला. एकदा केंद्राने कागदपत्रे तपासण्यात २५ मिनिटे घेतली आणि ती भरून मिळाली नाहीत. एका महाविद्यालयाने प्रथम वर्षाच्या लेखनिकाला नकार दिला आणि बारावीतील दुसरा पाठवावा लागला. लेखनिकाअभावी पेपर कोणाचाही गेला नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये प्रशिक्षण पूर्ण केलेल्या ७१ जणांपैकी ५४ जणांनी किमान एक पेपर लिहिला. पेपरनंतरच्या फोनवर सहा विद्यार्थ्यांनी लेखनिक बदलून मागितला. हा आकडा वाढला याचे मला समाधान वाटते, कारण पूर्वीही नकोसे लेखनिक होते, फक्त विद्यार्थी गप्प बसत. नाकारलेल्या आठ विद्यार्थ्यांपैकी पाच जणांना महाविद्यालयाच्या मदतीने लेखनिक मिळाला आणि दोघांनी घरच्या ओळखीतून सोय केली. एकाने परीक्षाच दिली नाही. त्यामागे इतरही कारणे होती, पण आमचा नकार त्यांपैकी एक होता.

राज्यशास्त्राचा पेपर गेलेल्या विद्यार्थिनीने तो पुढच्या सत्रात पुन्हा दिला आणि ती उत्तीर्ण झाली. फोन बंद ठेवलेल्या मुलाला ताईंनी सोडून दिले नाही. तो आता पदवीच्या पुढच्या वर्षात असल्याने लेखनिक म्हणून चालत नाही. आठ दिवस आधीचे फोन करण्याचे काम तो करतो, आणि समोरचा ‘बघतो’ म्हणाला की थांबून पुन्हा विचारतो.

वेगळे काय करता आले असते

सरांच्या बाबतीत आम्ही चुकलो. प्रशिक्षण त्यांच्याकडून काढून घेणे आवश्यक होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो निर्णय आम्ही बैठकीत त्यांच्या गैरहजेरीत घेतला आणि त्यांना पत्राने कळवला. पत्राची भाषा सभ्य होती. पंधरा वर्षे संस्थेसाठी राबलेल्या माणसाला मात्र ती परक्याची वाटली असणार. ‘थोडी मदत करावी’ हे सांगण्यामागे त्यांचा एक अनुभव होता: त्यांच्या उमेदीच्या काळात दृष्टिहीन विद्यार्थ्यांना जादा वेळही धडपणे मिळत नसे आणि लेखनिकाने केलेली थोडी मदत ते अन्यायाची भरपाई समजत. हे आम्हाला नंतर, दुसऱ्याच कोणाकडून, कळले. त्यांच्या घरी जाऊन, त्या वाणिज्य शाखेच्या मुलाला बरोबर नेऊन बोललो असतो तर कदाचित त्यांनी स्वतःच ती भूमिका सोडली असती. त्यांनी पत्राला उत्तर दिले नाही. सहा महिन्यांनी मी भेटायला गेलो तेव्हा चहा दिला, विद्यार्थ्यांची चौकशी केली आणि कार्यालयात येण्याविषयी मात्र काही बोलले नाहीत.

यादी तपासायला आम्हाला एक पेपर जावा लागला. दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक नावापुढे चालू इयत्ता लिहिण्याचे काम नऊ दिवसांचे होते. ते आधी न करण्याचे एक कारण असे की ३४० हा आकडा आम्हाला आवडत होता आणि तो तपासला तर कमी होणार, हे आतून माहीत होते. आता अहवालात नोंदलेल्या नावांचा आकडा छापत नाही. प्रशिक्षित, पात्र आणि त्या सत्रात मोकळे असलेल्यांचाच देतो.

विद्यार्थ्यांना बैठकीत बोलावणे हे संकटानंतर सुचले. ते पाच वर्षे आधी केले असते तर वाणिज्य शाखेच्या मुलाने जे सांगितले ते तेव्हाच कानावर आले असते. त्यांपैकी दोघे आता कार्यकारिणीचे सदस्य आहेत. त्यांनी पहिली मागणी केली ती लेखनिकांच्या पॅनेलबाबतचा अर्धवट राहिलेला पत्रव्यवहार पुन्हा सुरू करण्याची. १४ महाविद्यालयांना पत्रे गेली आहेत. तिघांनी उत्तर पाठवले असून एकाने आपल्याच प्रथम वर्षाच्या वर्गांतून लेखनिक नोंदवण्याची तयारी दाखवली आहे. तिथले पहिले प्रशिक्षण ती राज्यशास्त्राची विद्यार्थिनीच घेणार आहे.